सुविचाराच्या जागी पाचवी

आमच्या इमारतीच्या जिन्याखाली एक काळा फळा होता. वर सुविचार, खाली पाण्याची वेळ. सुविचार कुणी वाचत नसे. पाण्याची वेळ मात्र वाचल्याशिवाय कुणी जिना चढत नसे, कारण भाईंदर पश्चिमेला त्या काळात माणसं पाहुण्यांना जेवायला बोलवायचं तरी आधी नळाची सोय बघत. फळ्याचे मालक म्हणजे तळमजल्यावरचे काका. पोस्टातून निवृत्त झालेले, मूळचे कोल्हापूरचे, अक्षर छापल्यासारखं आणि मत विचारायच्या आधी तयार.

टीव्हीवरच्या गाण्याच्या स्पर्धेत मी शेवटच्या सहांत पोहोचले, त्या आठवड्यात काकांनी सुविचार पुसून टाकला आणि त्या जागी लिहिलं, 'जिंकण्याची शक्यता'. खाली सहा जणांची गावं, एकाखाली एक. रत्नागिरी, कोल्हापूर, नाशिक, नागपूर, मग भाईंदर, मग सोलापूर. भाईंदर म्हणजे मी. माझ्याखाली जी सोलापूरची होती तिचा घसा बसला होता आणि ती खुणांनी बोलत होती.

ज्या जिन्यावर मी रांगायला शिकले, त्याच जिन्याखाली मला पाचवी लावली होती. मी रिहर्सलवरून आले होते, पायात सँडल चावत होती, पोटात भूक होती. मी तशीच काकांची बेल दाबली.

"काका, पाचवी?"

"आत ये. पाणी पी," ते म्हणाले. "रागावून आलीयेस म्हणजे अंदाज बरोबर आहे."

मग त्यांनी मला शास्त्र समजावून सांगितलं. त्यांच्या मते असल्या स्पर्धेत गाणं हा अगदी शेवटचा मुद्दा. मतं एसएमएसनं येतात, एसएमएस गाव करतं. रत्नागिरीचा पोरगा उभा राहिला की मुंबईतला एकूण एक चाकरमानी बोटं झिजवणार. कोल्हापूरचा उभा राहिला की तालमीच्या तालमी उठणार. नाशिकच्या मुलीचं गाव तेवढं हौशी नाही, पण तिची आई रडते. कॅमेरा वळला की रडते, अगदी मुलगी उडत्या चालीचं गाणं म्हणत असली तरी रडते.

"तुझी आई काय करत होती मागच्या एपिसोडला?"

माझी आई कॅमेरा तिच्यावर आला तेव्हा पर्समध्ये छत्री शोधत होती. सबंध महाराष्ट्रानं ते पाहिलं होतं.

"आणि भाईंदर?" मी विचारलं.

"भाईंदरचं आहे कोण?" काका म्हणाले. "ह्या इमारतीत एक माणूस दाखव, ज्याला गाव विचारलं तर तो भाईंदर सांगतो."

"मी."

"म्हणून पाचवी. नाहीतर सहावी होतीस."

ह्या 'मी'ची हकीकत सांगायला हवी, कारण सगळं रामायण तिथूनच सुरू झालं. निवड झाल्यावर चॅनेलवाल्यांची एक मुलगी प्रत्येकाची माहिती विचारत होती. शिक्षण, आवडता राग, आवडता पदार्थ, गाव. मी म्हटलं, भाईंदर. ती म्हणाली, "अगं, ते राहायचं ठिकाण झालं. गाव कुठलं?" मी म्हटलं, वडील रायगडचे, आई रत्नागिरीची. तिचा चेहरा उजळला. रायगडचं कुणीच नव्हतं. "रायगड लिहू ना? मस्त दिसेल, मागे किल्ला टाकू."

मी नाही म्हटलं. मला किल्ल्याचं वावडं नाही. पण दर मे महिन्यात गावी गेलं की चुलतभावंडं मला 'मुंबईवाली आली' म्हणून चिडवायची आणि विहिरीचं पाणी काढता येत नाही म्हणून हसायची. इकडे दादरला गाण्याच्या क्लासला गेलं की तिथल्या मुली विचारायच्या, "भाईंदर? म्हणजे मुंबई संपली की मग?" दोन्हीकडून हाकललेला माणूस हट्टाला पेटतो. जिथली म्हणून सगळे नाक मुरडतात, तिथलीच मी, असं मी ठरवलं होतं. तिनं खांदे उडवले. टीव्हीवर माझ्या नावाखाली भाईंदर आलं आणि मागे किल्ल्याऐवजी खाडीपूल आला.

तो एपिसोड बघून बाबा जेवले नाहीत. बाबा अंधेरीला एका औषध कंपनीत स्टोअरकीपर होते. मितभाषी माणूस, पण गावाचा विषय निघाला की त्यांना कंठ फुटायचा. पालखी आमच्या दारात आधी येते, आंबा आमच्या परसातला, असं बरंच. आयुष्य भाईंदरला काढलं तरी ते भाईंदरला 'इकडे' म्हणायचे आणि गावाला 'आपल्याकडे'.

"रायगड सांगायला तुला लाज वाटली?" एवढंच त्यांनी विचारलं.

"लाज नाही वाटली. खोटं वाटलं," मी म्हटलं.

त्यानंतर ते माझ्याशी कामापुरतं बोलू लागले. मीठ दे, दार लाव, इतपत.

ह्याच बाबांनी स्पर्धेला जायच्या आधी मला अट घातली होती. गाण्यासाठी मी एका शाळेतली तात्पुरती नोकरी सोडली होती. त्यांचं म्हणणं, पहिल्या तीनांत आलीस तर गाणं कर, मी मध्ये पडणार नाही. नाही आलीस तर मुकाट बी.एड.ला जायचं आणि गाणं सणासुदीला म्हणायचं. बाबा शब्दाचे पक्के होते. गॅसवाल्याला दिलेला शब्दसुद्धा पाळायचे. म्हणजे मला चौथी येऊन चालणार नव्हतं, आणि आमच्याच फळ्यावर मी पाचवी होते.

इमारत काकांवर खवळली. तिसऱ्या मजल्यावरच्या वहिनी खडू घेऊन आल्या आणि मला पहिली करून गेल्या. काकांनी संध्याकाळी परत पाचवी केलं. कुणीतरी सुचवलं, निदान दुसरी लावा, पोरीला हुरूप येईल. काका म्हणाले, "हुरूप यावा म्हणून पाण्याची वेळ लवकरची लिहू का?"

प्रेमाला मात्र तोटा नव्हता. केबिन रोडवर माझा फ्लेक्स लागला. 'भाईंदरच्या सुकन्येस हार्दिक शुभेच्छा'. पुढच्या निवडणुकीला उभं राहायचं डोक्यात असलेल्या एका गृहस्थांनी तो लावला होता, त्यामुळे तेच फ्लेक्सभर होते, हात जोडून, आणि मी त्यांच्या कोपरापाशी पासपोर्ट साइजमध्ये. फोटोला हार तेवढा घालायचा राहिला होता. रिक्षावाले मला ओळखू लागले. भाजीवाला कोथिंबीर फुकट देऊ लागला. इमारतीतले लोक जिन्यात थांबवून सांगायचे, "काळजी करू नको, मतं पक्की आहेत." दुसऱ्या मजल्यावरच्या गुजराती बेननी तर माझ्या डोक्यावर हात ठेवून सांगितलं, "बेटा, हमने तो पूरा घर का मोबाइल से वोट डाला." मला खरंच भरून आलं. वाटलं, काकांना माणसं कळत नाहीत, नुसते पिनकोड कळतात.

पहिल्या आठवड्यात सोलापूरची गेली. दुसऱ्या आठवड्यात मी गेले.

त्या संध्याकाळी मी बरी गायले होते, हे सांगून ठेवते. परीक्षकांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या. मग गावागावांची मतं मोजली गेली आणि मी बाहेर. नाशिकची आई माझ्यासाठीसुद्धा रडली, तिला सवयच लागली होती. मला रडू आलं नाही. मला डोळ्यांसमोर बी.एड.चं कॉलेज दिसत होतं आणि पाठाची टाचणं दिसत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी घरी आले तर अर्धी इमारत आमच्या घरात. पेढे आधीच आणून ठेवले होते, ते वाया जाऊ नयेत म्हणून वाटले जात होते. सगळे हळहळत होते. आम्ही तर दिलं हो, बाकीच्यांनी दिलं नसणार. लोकांचं काही सांगता येत नाही. पिकतं तिथं विकत नाही. चहा आला. मी तोंडात पेढा घेऊन मान हलवत होते, आणि आई चहाचा ट्रे खाली ठेवत म्हणाली, "मी रत्नागिरीला दिलं."

"आई?"

"अगं, तुला सगळी इमारत देणारच होती," ती म्हणाली. "भाईंदरची म्हटल्यावर भाईंदरवाले देणारच. त्यात माझं एक जास्त काय नि कमी काय. तो पोरगा गुहागरचा, माझ्या माहेराजवळचा. त्याला तिथनं मोबाइलला रेंज तरी मिळते का? म्हटलं, आपण द्यावं."

आईच्या चेहऱ्यावर अपराधाचा लवलेश नव्हता. शेजारच्या घरी वाटी पोचवून आल्यासारखी ती बोलत होती. आणि तिनं तोंड उघडल्यावर बाकीच्यांचं ओझं उतरलं. वहिनी म्हणाल्या, त्यांनीपण रत्नागिरीलाच, कारण त्यांना वाटलं, इथले भाईंदरवाले आहेतच. चौथ्या मजल्यावरचे म्हणाले, बायको नाशिकची आहे, घरात राहायचं तर नाशिकलाच द्यावं लागतं, पण भाईंदरवाले काय कमी आहेत का? त्यांच्या शेजाऱ्यांनी नागपूरला दिलं होतं. एकेक जण भाईंदरवाल्यांचं नाव घेत होता. हे भाईंदरवाले कोण, ते कुठल्या इमारतीत राहतात, त्यांना कुणी कधी पाहिलंय का, हे कुणालाच ठाऊक नव्हतं. प्रत्येकाच्या मते ते शेजारी राहत होते.

मी बेनकडे वळले. त्या गोंधळल्या. "मराठी वाला में? नहीं बेटा. हम तो हिंदी वाला में डाला. वो सूरत का लड़का है ना, उसको. तुम भी उसमें ही है, ऐसा समझा."

काका दारात उभे होते. मी त्यांच्याकडे बघितल्यावर त्यांनी विचारायचीसुद्धा वाट पाहिली नाही. "कोल्हापूर," ते म्हणाले. "मी लपवलेलं नाही. फळ्यावर होतं."

मला मनस्वी राग आला. ह्या माणसांनी माझ्यासाठी फ्लेक्सखाली उभं राहून फोटो काढले होते. मी प्रत्येकाकडे बघत होते आणि प्रत्येक जण माझ्याकडे मायेनं बघत होता, आणि ती माया खोटी नव्हती, हाच खरा घोटाळा होता. शेवटी मी बाबांना विचारलं. मला वाटलं होतं, रायगडचं कुणी नव्हतंच, तर त्यांनी मला दिलं असणार. दुसरं कुणाला देणार?

"मी कुणालाच नाही दिलं," बाबा पेपरमागून म्हणाले. "रायगड म्हणाली असतीस तर दिलं असतं."

हे मात्र लागलं. बाकी सगळ्यांचं हसण्यावारी नेता आलं असतं, हे नाही नेता आलं. मी कप ठेवून आत जायला उठले.

तेवढ्यात जिन्यातून हाक आली. पालीची मावशी, भाईंदरच्याच किनाऱ्यावरच्या कोळीवाड्यातली. ती दिवसाआड मासे घेऊन आमच्या इमारतीत यायची, टोपली दारात टेकवायची आणि मगच श्वास घ्यायची. घरातली गर्दी बघून ती दारातच थबकली.

"कोन गेलं?" तिनं विचारलं.

"कुणी गेलं नाही, मावशी," आई म्हणाली. "ही हरली."

"ते म्हाईत हाय. रडून र्‍हायले आमच्याकडं." मावशीनं टोपली उतरवली. "सगल्या पालीनं दिलं हिला. माज्या पोराच्या मोबाइलवरना दिलं, शेजारनीच्या पोराच्या मोबाइलवरना दिलं. होड्या लागल्या तवा बंदरावर जाऊन सांगलं, आपली पोरगी हाय, द्या."

मी दारापाशी आले. "मावशी, तुम्ही माझं गाणं ऐकलंत?"

"गानं न्हाय ऐकलं. लाइट गेल्ती," मावशी म्हणाली. "पन तू पयल्या दिवशी टीवीवर बोलली ना, गाव भायंदर. ते ऐकलं. आजवर कोन बोललं? इकडं जो येतो तो दुसरीकडचं सांगतो. हा रत्नागिरीचा, तो नाशिकचा. मंग आमच्या गावात कोन र्‍हातं, भुतं?"

मावशीनं एकेकाकडे नजर फिरवली, मासा ताजा आहे का ते बघावं तशी, आणि ती बाबांवर थांबली.

"दादा, तुमी कोनाला दिलं?"

बाबांनी पेपर घडी करून ठेवला. ते बारा गावचं पाणी प्यायलेल्या सप्लायरांना गोदामातून परत पाठवत, पण मावशीपुढे ते टोपलीत बघू लागले. "पापलेट कसं दिलं?" त्यांनी विचारलं.

"पापलेट म्हाग हाय," मावशी म्हणाली. "इचारलेलं सांगा."

"नाही दिलं कुणाला," बाबा म्हणाले.

मावशीनं मान हलवली. तिनं पापलेट काढलं, कापलं, पानात बांधलं. भाव एका पैशानं कमी केला नाही. मी तिची असले तरी धंदा धंदा होता. लोक हळूहळू उठून गेले आणि जाताना पेढ्याचा रिकामा खोका ओट्यावर ठेवून गेले.

त्यानंतरचे काही दिवस घरात कुणी बी.एड.चा विषय काढला नाही. अट सगळ्यांना पाठ होती. मी स्वतःच कॉलेजात जाऊन प्रवेशाची चौकशी करून आले आणि माहितीचं पत्रक टीव्हीवर ठेवलं, बाबांना दिसेल असं. त्यांनी ते पाहिलं. त्यावरची धूळ पुसली आणि परत तिथेच ठेवलं. रियाज मी बंद केला होता. शेजारचे विचारायचे, बरं नाही का? मला वाटायचं ह्यांना सांगावं, भाईंदरवाल्यांना विचारा.

मग एका सकाळी मी कचऱ्याचा डबा घेऊन खाली उतरले तर बाबा डबा-छत्री घेऊन फळ्यासमोर उभे. त्यांच्या बाजूला काका, हातात खडू. फळ्यावर उरलेल्या चौघांची शक्यता लिहिलेली होती.

"हे पुसा," बाबा म्हणत होते.

"का म्हणून?"

"शक्यता बस झाली. आता नुसतं गाण्यावर लावा. सहाच्या सहा. कोण कुठला, कोणाची आई रडते, ते सोडून. तुम्हाला गाण्यातलं कळतं."

काकांना गाण्यातलं कळत होतं, हे खरं होतं. देवळात भजनाला पेटीची साथ तेच करायचे. पण हे त्यांना इतक्या वर्षांत कुणी म्हटलं नव्हतं. ते जरा सरळ झाले.

"नुसत्या गाण्यावर लावायचं तर विचार करावा लागेल," ते म्हणाले. "संध्याकाळी या."

दिवसभर ही बातमी इमारतभर फिरली. मतदानाच्या आठवड्यात झाला नसेल एवढा ताण त्या दिवशी होता. संध्याकाळी बाबा कामावरून आले तेव्हा जिन्याखाली उभं राहायला जागा नव्हती. आई होती, वहिनी होत्या, बेनसुद्धा होत्या. काका बाहेर आले, फळ्याचा वरचा भाग ओल्या फडक्यानं पुसला, तो वाळेपर्यंत थांबले आणि वर लिहिलं, 'गाणं'. मग एकाखाली एक.

कोल्हापूर. नाशिक. भाईंदर.

खाली नागपूर, सोलापूर, आणि सगळ्यांत शेवटी रत्नागिरी. आईनं तिथल्या तिथे काकांशी बोलणं सोडलं.

बाबांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. आधी सवयीनं खालची पाण्याची वेळ वाचली. मग नजर वर नेली. बोट लावून मोजलं, कारण ते स्टोअरकीपर होते आणि बोट लावल्याशिवाय माल आला असं मानत नसत.

"तिसरं," ते म्हणाले. मग सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात परत म्हणाले, "आपलं भाईंदर तिसरं आलं."

आपलं. त्या माणसाच्या तोंडून हा शब्द भाईंदरला लागलेला मी तोवर ऐकला नव्हता. माझा स्वभाव मला ठाऊक आहे. डोळे भरून आले की मी भांडते.

"तिसरी?" मी म्हटलं. "काका, कोल्हापूरचा पहिला? वरचा षड्ज त्याला एकदा तरी लागलाय का? तुमच्या गावचा म्हणून..."

"षड्ज नाही, पंचम लागत नाही त्याला," काका म्हणाले. "आणि लय तुझ्यापेक्षा पक्की आहे."

"लय? मागच्या आठवड्यात तबलजी त्याच्यासाठी थांबला होता. आणि नाशिक माझ्या वर कशी? तिची आई रडली की तिचा सूर..."

बाबांनी माझा दंड धरला आणि मला जिन्याकडे वळवलं. वर चढताना ते खालच्या आवाजात म्हणाले, "गप्प बस. अट पहिल्या तीनांची होती. काका चिडले आणि एक घर खाली सरकवलं, तर बी.एड.ला जावं लागेल तुला."

मी गप्प बसले. घरी आल्यावर बाबांनी टीव्हीवरचं बी.एड.चं पत्रक उचललं आणि फळीवरच्या डब्यांखाली घालायला आईच्या हातात दिलं.